घरच्यांचा ठावठिकाणा कुणाच्या हाती असावा?

एका वाचक भगिनीच्या दीर्घ पत्राचा हा गोषवारा आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

घरातली चारही मोबाइल कनेक्शने एकाच कौटुंबिक प्लॅनमध्ये असून ती पतीच्या नावावर आहेत. काही महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी सतरा वर्षांच्या मुलाचा फोन बराच वेळ लागला नाही. घरात घबराट झाली आणि दुसऱ्याच दिवशी पतीने मोबाइल कंपनीची कुटुंबीयांचे लोकेशन दाखवणारी सेवा चारही क्रमांकांवर सुरू केली. प्रत्येक फोनवर तसा एसएमएस आला होता, पण जाहिरात समजून तो कुणी वाचला नाही. पुढे एकदा मुलगा अभ्यासिकेत असल्याचे सांगत असताना त्याचा ठिपका नदीपलीकडच्या वस्तीत दिसला. वडिलांनी त्याला खोटारडा ठरवले. तो खरोखरच अभ्यासिकेत होता, हे नंतर त्याच्या मित्राच्या आईकडून कळले. तेव्हापासून मुलगा बाहेर पडला की फोन मित्राच्या घरी ठेवून पुढे जातो. सासूबाईंना अलीकडे विसरायला होते, म्हणून त्यांच्यासाठी तरी ही सेवा हवीच, असे पत्रलेखिकेला वाटते. स्वतःबद्दल त्या लिहितात, “वाटेत कुठे थांबले की यांनी विचारण्याआधीच मी मेसेज पाठवते. यांनी कधी जाब विचारलेला नाही, तरीही पाठवते.” पतीचे म्हणणे असे की लपवण्यासारखे काही नसेल तर दिसल्याने काही बिघडत नाही, आणि कंपनीला सगळे माहीतच असते, तर घरच्यांनी पाहिले म्हणून हरकत कसली? ही सेवा ठेवावी की बंद करावी, आणि बंद करायची तर आधी स्वतःची करावी का, असे त्या विचारतात.

भगिनी, तुमचे पत्र वाचताना मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो त्या मेसेजच्या वाक्यापाशी. मुलाचा प्रसंग मोठा आहे, सासूबाईंची काळजी खरी आहे, पण तुम्हाला कुणी काही विचारलेले नसताना तुम्ही हिशेब देऊ लागला आहात, आणि हे तुम्ही स्वतःच्या बाबतीतली किरकोळ गोष्ट म्हणून पत्राच्या शेवटी लिहिले आहे. मला ती किरकोळ वाटत नाही. तिच्याकडे मी परत येईन. त्याआधी तो नदीपलीकडचा ठिपका नेमका काय होता, ते समजून घेऊ, कारण घरातले भांडण ज्या पुराव्यावर झाले तो पुरावाच कच्चा होता.

तुमच्या फोनवर कॉल पोहोचवायचा असेल तर तुमचा फोन साधारण कोणत्या भागात आहे हे कंपनीच्या नेटवर्कला माहीत असावेच लागते. त्यासाठी फोन खिशात नुसता पडून असतानाही अधूनमधून नेटवर्ककडे आपली हजेरी लावत असतो. ठिकाण विचारणारी सेवा नेटवर्कला प्रश्न करते, नेटवर्क घंटी न वाजवता फोनला हाक मारते, आणि फोन कोणत्या टॉवरच्या कोणत्या बाजूला आहे यावरून अंदाज बांधते. रेडिओ लहरींना जायला-यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतरही काढता येते, मात्र जुन्या जीएसएम पद्धतीत ते साधारण साडेपाचशे मीटरच्या टप्प्यांनीच कळते. चौथ्या पिढीच्या नेटवर्कमध्ये हा टप्पा ऐंशी मीटरच्या आत आला आहे. काही सेवा फोनमधल्या जीपीएसची मदत घेतात आणि तेव्हा ठिकाण बरेच अचूक मिळते, परंतु इमारतीच्या आत, तळघरात किंवा जीपीएस बंद असताना सगळी भिस्त पुन्हा टॉवरवरच येते.

शिवाय फोन जवळच्याच टॉवरला जोडला जातो असेही नाही. ज्याचा सिग्नल त्या क्षणी चांगला मिळतो त्याला तो जोडला जातो. पाण्यावरून लहरींना अडथळा कमी असल्यामुळे नदीच्या अलीकडच्या काठावरचा फोन पलीकडच्या टॉवरला बिनदिक्कत चिकटू शकतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत हेच झाले असण्याची शक्यता मला दाट वाटते. अशा नकाशावर ठिपक्याभोवती बहुधा एक फिकट वर्तुळ दाखवलेले असते. फोन या वर्तुळात कुठेतरी असावा, एवढाच त्याचा अर्थ. आपण वर्तुळ पाहत नाही, ठिपका पाहतो. तुमच्या पतीने त्या दिवशी नकाशा बोटांनी मोठा केला असता तर अभ्यासिका कदाचित त्याच वर्तुळात सापडली असती. फोन बंद असेल किंवा रेंज नसेल तेव्हा कित्येक सेवा शेवटचे ज्ञात ठिकाण दाखवतात आणि ते किती वेळापूर्वीचे आहे हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ही आणखी एक फसगत. म्हणून पहिली सूचना अशी की या नकाशाच्या आधारे घरात कुणालाही खोटे ठरवू नये, आणि तुमच्या पतीने आपल्या मुलाची स्पष्ट शब्दांत क्षमा मागावी. ती मागितल्याशिवाय पुढची कोणतीही बोलणी त्या मुलाच्या मनापर्यंत पोहोचतील असे मला वाटत नाही.

आता पतीच्या युक्तिवादाकडे वळू. ‘लपवण्यासारखे काही नसेल तर’ हे वाक्य मी फार खोडत बसणार नाही. ठावठिकाण्यात गुन्हा नसतो, तरी माणसाचे बरेच काही असते. तो कोणत्या डॉक्टरांकडे गेला, कुणाला भेटला, नोकरीच्या मुलाखतीला जाऊन आला का, आणि कधी नुसताच एकटा बसून राहिला का, हे सगळे त्यातून कळते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी नावे काढून तपासल्या गेल्या. ठिकाणांची अचूकता फक्त टॉवरइतकी आणि वेळेची तासाइतकी ठेवूनही, चार नोंदी हाताशी असल्या की ९५ टक्के लोकांचा माग त्या गर्दीतून वेगळा काढता येतो, असे त्यात दिसले. जर्मनीतले राजकारणी माल्टे श्पिट्झ यांनी आपल्या दूरसंचार कंपनीविरुद्ध दावा लावून स्वतःच्याच सहा महिन्यांच्या नोंदी मिळवल्या होत्या. त्या ३५,८३० ओळींच्या भरल्या, आणि २०११ मध्ये ‘डी त्साइट’ या वृत्तपत्राने त्या नकाशावर मांडल्या तेव्हा माणूस कधी झोपला आणि कोणत्या प्रवासात कुठे होता, हे कुणालाही पाहता येऊ लागले.

दुसरा युक्तिवाद, म्हणजे कंपनीला माहीतच आहे तर घरच्यांना का नको, हा मात्र नीट तपासण्यासारखा आहे, कारण तो वरवर पटतो आणि इतरही अनेक वाचकांच्या घरी तो ऐकू येत असणार. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१८ मध्ये कार्पेंटर खटल्यात जवळपास हाच प्रश्न आला होता. पोलिसांनी वॉरंट न घेता एका संशयिताच्या फोनची १२७ दिवसांतली १२,८९८ ठिकाणे मोबाइल कंपन्यांकडून मिळवली होती, आणि ही माहिती त्याने कंपनीच्या हवाली केलेलीच आहे तेव्हा ती खासगी राहिली कुठे, असे सरकारचे म्हणणे होते. न्यायालयाने पाचास चार मतांनी ते अमान्य केले. फोन चालू ठेवण्याव्यतिरिक्त माणूस काहीच करत नाही, नोंद आपोआप होत जाते, त्यामुळे त्याने ती स्वेच्छेने वाटली असे धरता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. घर म्हणजे न्यायालय नाही, आणि तुमच्या पतीला वॉरंट मागावे असे मी सुचवत नाही. पण एकाला ठाऊक असलेली गोष्ट सर्वांना खुली होत नाही, एवढे त्यातून घेता येईल. डॉक्टरांना आपला आजार माहीत असतो म्हणून तो शेजाऱ्यांनाही सांगायला हरकत नाही, असे आपण कधी म्हणत नाही.

आणि खरे सांगायचे तर, कंपनीचे माहीत असणे आणि घरच्यांचे माहीत असणे यांत घरच्यांचे जास्त जड असते. कंपनीच्या दृष्टीने तुम्ही एक क्रमांक आहात. तुम्ही मैत्रिणीकडे अर्धा तास जास्त बसलात याने तिला फरक पडत नाही. घरी मात्र त्या अर्ध्या तासाचा अर्थ लावणारे माणूस असते, त्याचा चेहरा संध्याकाळी तुमच्यासमोर असतो. तुमचे ते आगाऊ मेसेज याच चेहऱ्यासाठी जातात. पतीने कधी जाब विचारला नाही हे मी मान्य करतो आणि त्यांच्या हेतूवर शंकाही घेत नाही. परंतु विचारले जाण्याची शक्यता एवढी एक गोष्टही वागणूक बदलायला पुरते, आणि ती बदलली आहे हे तुम्हीच लिहिले आहे.

यावरून कंपनीकडे असलेली माहिती निरुपद्रवी आहे असे मात्र समजू नका. अमेरिकेतल्या मोठ्या मोबाइल कंपन्या ग्राहकांचे ठिकाण मध्यस्थांना विकत होत्या आणि ते पुढे फरार आरोपी शोधून देणाऱ्या खासगी माणसांपर्यंत पोहोचत होते, हे २०१८ आणि २०१९ मध्ये उघड झाले. तिथल्या दूरसंचार नियामकाने २०२४ मध्ये त्यांना एकूण सुमारे २० कोटी डॉलरचा दंड ठोठावला आणि कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. म्हणून ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे त्यांनी कंपनीच्या खात्यातली गोपनीयतेची सेटिंग एकदा उघडून, माहिती भागीदारांना किंवा जाहिरातीसाठी देण्याच्या ज्या संमती दिलेल्या दिसतील त्या काढून घ्याव्यात. हे काम पतीच करू शकतील. त्यांना खरोखर कुटुंबाच्या सुरक्षिततेची काळजी आहे, तेव्हा सुरुवात इथून करणे त्यांनाही पटेल.

इथे एक व्यावहारिक अडचण आहे, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कंपनीच्या लेखी ग्राहक म्हणजे खातेदार. फोन कुणाच्या खिशात आहे याच्याशी तिला फारसे देणेघेणे नसते. त्यामुळे अशा सेवेची संमती बहुधा खातेदाराकडून घेतली जाते आणि फोन वापरणाऱ्याला नुसती सूचना मिळते, तीही तुमच्याकडे आली तशी जाहिरातींच्या गर्दीत. फोनमधले लोकेशन बंद केले म्हणजे आपण दिसेनासे झालो, हाही गैरसमज आहे. अ‍ॅपमधले लोकेशन आणि फोन बनवणाऱ्या कंपनीच्या खात्यातून दिले जाणारे लोकेशन अशा बटणाने थांबते, पण नेटवर्कवरून विचारले जाणारे ठिकाण फोन बंद केल्याखेरीज किंवा फ्लाइट मोडवर टाकल्याखेरीज थांबत नाही. म्हणजे तुम्हाला कोण पाहते आहे हे शोधायचे तर तीन ठिकाणी पाहावे लागेल. मोबाइल कंपनीच्या खात्यात, फोनच्या गूगल किंवा अ‍ॅपल खात्यातील शेअरिंगमध्ये, आणि एकेका अ‍ॅपमध्ये. पहिल्या ठिकाणी तुमचा हात खातेदाराशिवाय पोहोचत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा पेच तिथेच आहे.

तुम्ही विचारता, ठेवावी की बंद करावी? माझे उत्तर असे की एका बटणाने चौघांचा निर्णय करायचाच कशाला? गरज पडल्यास माणूस सापडणे ही एक गोष्ट आहे आणि तो सदासर्वकाळ दिसत राहणे ही दुसरी. पतीला हवी आहे पहिली, आणि त्यांनी विकत घेतली दुसरी. त्या संध्याकाळी मुलाचा फोन लागला नाही तेव्हाची त्यांची घालमेल मी हलकी लेखत नाही. पण आठवून पाहा, फोन बंद होता किंवा रेंजबाहेर होता. म्हणजे ही सेवा त्या दिवशी असती तरी तिने जुने ठिकाण दाखवले असते किंवा काहीच दाखवले नसते. ज्या भीतीवर हा उपाय केला, त्या भीतीच्या प्रसंगीच तो लंगडा पडतो.

त्यातच आता मुलगा फोन मित्राच्या घरी ठेवून जातो. हे धोक्याचे आहे, त्याने केलेल्या लपवाछपवीपेक्षा कितीतरी जास्त. उद्या त्याला खरोखर अपघात झाला तर तुमचा नकाशा त्याला मित्राच्या घरी सुखरूप दाखवेल आणि मदत मागायला त्याच्या हातात फोन नसेल. अनेक देशांत आपत्कालीन क्रमांकावर कॉल केला की फोन स्वतःहून आपले ठिकाण मदत यंत्रणेला पाठवतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१६ पासून आणि आयफोनमध्ये २०१८ पासून आहे, आणि तिचा कौटुंबिक सेवेशी काही संबंध नाही. सेवा बंद केल्याने ही सोय जात नाही, पण फोन मागे ठेवल्याने जाते. मुलाशी बोलताना हा मुद्दा दोघांनी मिळून मांडावा, आणि तो रागावण्याच्या सुरात मांडू नये.

त्याच्यासाठी माझी सूचना अशी. कंपनीची सतत चालणारी सेवा त्याच्या क्रमांकावरून काढावी आणि त्या बदल्यात त्याने काही ठरावीक प्रसंगी स्वतःहून लाइव्ह लोकेशन पाठवण्याचे कबूल करावे. रात्रीचा परतीचा प्रवास, अनोळखी ठिकाणी जाणे, कुणाच्या गाडीवरून लांबचा पल्ला, एवढे पुरेसे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ते पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तासांसाठी देता येते आणि मुदत संपली की आपोआप बंद होते. पाठवणारा तो असतो, त्यामुळे ते त्याचे देणे ठरते. यादी त्याच्याकडून काढून घ्या, तुम्ही लिहून त्याच्यापुढे ठेवू नका. सतरा वर्षांच्या मुलाला आपला धोका कशात आहे याचा विचार करायला लावणे, हे कोणत्याही नकाशापेक्षा अधिक उपयोगी शिक्षण आहे. फोन न लागल्यास काय करायचे तेही त्याच बैठकीत ठरवा. किती वेळ वाट पाहायची, आधी कोणत्या दोन मित्रांना विचारायचे, हे ठरलेले असले की घबराटीला निम्मा आळा बसतो.

काही पालक सगळ्यांनी सगळ्यांना दिसावे असा तोडगा काढतात, म्हणजे मुलगाही वडिलांचा ठिपका पाहू शकेल. ते एकतर्फी पाहण्यापेक्षा बरे, एवढेच मी म्हणेन. मुलगा वडिलांना ‘तुम्ही तिथे काय करत होता?’ असे विचारू शकत नाही, तोवर ती समानता कागदावरचीच राहते.

सासूबाईंचा प्रश्न वेगळा आहे आणि तिथे मी सेवेच्या विरोधात नाही. पण दोन गोष्टी पाहा. विसराळूपणा वाढू लागलेले माणूस पुष्कळदा फोनच घरी विसरते, आणि टॉवरवरून मिळणारे काही शे मीटरचे वर्तुळ गल्लीबोळांत शोध घेताना फारसे कामाला येत नाही. त्यांच्या अंगावर राहील असे जीपीएसचे छोटे उपकरण आणि खिशात घरच्या दोन क्रमांकांची चिठ्ठी, हे जास्त भरवशाचे. दुसरी गोष्ट त्यांच्या होकाराची. त्यांना आज समजते आहे, आज त्या उत्तर देऊ शकतात, तेव्हा आजच विचारा. “आई, तुम्हाला घरचा रस्ता सापडला नाही तर आम्ही तुमचे ठिकाण पाहिलेले चालेल का? आमच्यापैकी कुणी पाहिलेले चालेल?” या प्रश्नाचे त्या जे उत्तर देतील ते पुढे त्यांना उत्तर देता येणार नाही तेव्हाही तुमच्या उपयोगी पडेल. त्यांनी मुलाचे नाव घेतले आणि तुमचे घेतले नाही, तर मनाला लावून घेऊ नका.

आता तुमच्याबद्दल. पतीशी बोलताना ‘तुम्ही माझ्यावर पाळत ठेवता’ या वाक्याने सुरुवात केलीत तर ते हेतूचा बचाव करत बसतील आणि मूळ गोष्ट राहून जाईल. त्यापेक्षा तुम्ही मला लिहिलेत तेच त्यांना सांगा. “तुम्ही विचारत नाही, तरी मी थांबले की मेसेज पाठवते, आणि हे मला आवडत नाही. माझ्या क्रमांकावरची सेवा काढा. मला उशीर होणार असेल तेव्हा मी कळवीनच, लग्न झाल्यापासून कळवत आले आहे.” ते म्हणतील, ‘मी तर तुझे पाहतही नाही.’ पाहत नसतील तर काढायला अडचण नसावी, हे त्यांना शांतपणे म्हणता येईल.

हा सल्ला तुमच्या पत्रात दिसलेल्या घरासाठी आहे. हे वाचणाऱ्या एखादीला, किंवा एखाद्याला, ‘सेवा काढा’ म्हणण्याचीच भीती वाटत असेल, जोडीदार चिडून काय करील याची धास्ती असेल, तर त्यांनी ही बोलणी करू नयेत आणि सेटिंगही घाईने बदलू नये, कारण ठिपका अचानक नाहीसा झाला की ते लगेच लक्षात येते. कनेक्शन दुसऱ्याच्या नावावर असेल तर बिलातून कॉल केलेले क्रमांकही दिसू शकतात. अशा वेळी मदतीची चौकशी विश्वासातल्या व्यक्तीच्या फोनवरून करावी, आणि स्त्रियांना किंवा पीडितांना साहाय्य करणाऱ्या संस्थेशी बोलून मग क्रम ठरवावा. आयफोनमध्ये २०२२ पासून ‘सेफ्टी चेक’ नावाची सोय आहे, तीत कुणाकुणाला काय दिसते ते एकत्र पाहता येते आणि तोडताही येते. पण केव्हा तोडायचे हे सुरक्षित जागी पोहोचल्यावर ठरवावे.

आधी स्वतःची सेवा बंद करावी का, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे, मात्र न सांगता नव्हे. तुमची मागणी सर्वांत सोपी आहे, कारण तुम्ही सज्ञान आहात आणि तिथे सुरक्षिततेचा मुद्दा कमीत कमी आहे. ती मान्य झाली की मुलाच्या बाबतीत बोलणे सोपे जाईल. सेवा काढताना तिने आजवर साठवलेला मागील ठिकाणांचा इतिहास पुसण्याची सोय आहे का तेही पाहा, नाहीतर पुढचे दिसणे थांबेल आणि मागचे तसेच राहील. तुमचा क्रमांक स्वतःच्या नावावर करून घेण्याचा अर्जही याच वेळी द्यावा. प्लॅन एकत्र ठेवूनही अनेक कंपन्या तसे करू देतात. मुलाचे अठरावे वर्ष काही महिन्यांवर आले आहे, त्याच्याही कनेक्शनची कागदपत्रे तेव्हा त्याच्याच नावाने करून टाका.